अर्पणाचं पान

मार्जरी ॲशडाउनच्या नावाची तीन पुस्तकं आहेत. तिनं लिहिलेली नव्हेत. लिहिली तिच्या नवऱ्यानं, सिरिलनं. पण तिन्हींच्या सुरुवातीला एका अख्ख्या कोऱ्या पानावर मधोमध 'मार्जरीस' एवढंच छापलेलं आहे. बाकी पानावर काही नाही. विमानाचं चित्र नाही, इंजिनाची माहिती नाही, काही नाही.

मी ती तिन्ही पानं पाहिली आहेत, आणि एकदाच नव्हे. आमच्या वाचनालयात संदर्भग्रंथांचं कपाट दाराजवळच आहे. बाजारात गेले की मी आत डोकावते, एखादं पुस्तक काढते, ते पान उघडते, स्वतःला पुरेसा त्रास करून घेते आणि पुस्तक जागेवर ठेवते. कोणी म्हणेल, हा मत्सर आहे. म्हणू दे. मत्सरच आहे.

ती पुस्तकं ज्या निळ्या कव्हरांच्या मालिकेतली, ती लंडनहून निघते. एकेका विमान कंपनीला एक पुस्तक. कंपनी कोणी काढली, कोणकोणती विमानं बांधली, ती कशी बुडाली, आणि शेवटी परिशिष्टात कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक विमानाचं पुढे काय झालं ते. कुठलं टेकडीवर आदळलं, कुठलं मोडीत गेलं, कुठल्याचं कोणा शेतकऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं केलं. एका कंपनीवर एकदा पुस्तक आलं की आपल्या हयातीत दुसरं येत नाही. म्हणून आमच्याकडच्या या विमानवेड्या पुरुषांनी आपसात एक नियम पाळलाय. ज्यानं ज्या कंपनीला हात घातला, ती त्याची. त्यांचं जुन्या विमानांचं मंडळ आहे, त्याच्या पत्रकात तसं जाहीर करायचं. मग दुसरा तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघत नाही. सोयरीक ठरल्यासारखाच प्रकार.

माझ्या नवऱ्यानं, लायनेल पार्जिटरनं, मॉक्सन कंपनी आपली म्हणून जाहीर केली तेव्हा आमची धाकटी शाळेत जात होती. आता तिची मुलं शाळेत जातात.

मॉक्सनचा कारखाना आमच्या घरापासून जवळच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच बंद पडला, आणि आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. एकदा गादी घ्यायची म्हणून लायनेल मला तिथे घेऊन गेला आणि स्वतः मान वर करून छताच्या तुळया बघत हिंडला. गादी मी एकटीनं निवडली. कडक निघाली. जेवणाच्या टेबलावरही मॉक्सनच पसरलेली असते, त्यामुळे आम्ही स्वयंपाकघरात मांडीवर ताटं घेऊन जेवतो. नाताळला टेबल मोकळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेच्या दुपारपर्यंत पुन्हा भरतं.

एवढी वर्षं पुस्तक का अडलं, ते सांगते. मॉक्सननं 'डिपर' नावाची दोन माणसांची लहान विमानं बांधली होती, मोजकीच. लायनेलनं त्यातल्या प्रत्येकाचा माग काढला. राहिलं फक्त अकरावं. ते आयर्लंडातल्या एका डॉक्टरनं घेतलं, मग चिलीतल्या कोणा मेंढ्यावाल्या जमीनदाराला विकलं. बोटीनं तिकडच्या पुंता अरेनास बंदराच्या धक्क्यावर उतरलं, तिथे त्याचा एक फोटो निघाला, आणि त्यापुढे पत्ता नाही. दुसऱ्या कोणी 'अंत अज्ञात' असं लिहून पुढची ओळ घेतली असती. सगळे तेच करतात. लायनेल म्हणतो, अंत अज्ञात नसतो, शोधणारा आळशी असतो.

आमच्याकडे विमानाला 'ती' म्हणायची पद्धत आहे. पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते. सकाळी टोस्टला लोणी लावता लावता नवरा दूर बघत म्हणतो, "कुठे असेल गं ती?" हे वर्षानुवर्षं ऐकलं की गंमत वाटायची थांबते. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा लायनेल इस्पितळात आला, खुर्ची ओढून बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "एडना, चिलीहून पत्र आलंय." सगळं वाचून दाखवलं. पत्रात काही नव्हतं.

तरी माझं मागणं फार नव्हतं. पुस्तक संपावं आणि त्या पहिल्या कोऱ्या पानावर माझं नाव यावं. 'एडनास.' बस. एवढं झालं असतं तर त्या कडक गादीवर मी सुखानं मेले असते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मंडळाचं वार्षिक जेवण असतं. आमच्या गावातल्या हॉटेलात, दुपारचं. ज्यांचं पुस्तक छापून आलंय ते वरच्या टेबलावर बसतात, बायकांसकट. जे अजून 'लिहितायत' ते खाली, स्वयंपाकघराच्या दाराशी. भाजलेलं कोकरू आमच्याकडे येईपर्यंत गार झालेलं असतं, आणि पुदिन्याची चटणी येतच नाही. मार्जरी वरच्या टेबलावरून उतरून, शेरीचा पेला हातात धरून, दरवर्षी आमची विचारपूस करायला येते. गेल्या सप्टेंबरातही आली.

"एडना! अगं, किती बारीक झालीस! की तो ड्रेसच तसा आहे?"

"ड्रेस गेल्या वर्षीचाच आहे, मार्जरी. तू पाहिलायस."

"हो का? मला कुठलं आठवायला. आणि लायनेलचं काय म्हणतंय? होतंय का?"

"होत आलंय."

"ते गेल्या वर्षीही होत आलं होतं." ती हसली. तिच्या गालाला खळी पडते. सत्तरीची झाली तरी पडते. "नाही, विचारते अशासाठी, की लंडनहून फ्रॅम्प्टनसाहेबांचा फोन होता. संपादक गं. म्हणाले, मालिकेत मॉक्सनची जागा किती दिवस रिकामी ठेवायची? सिरिल, तुम्हीच का नाही ते उरकून टाकत?"

उरकून टाकत. माझ्या डोळ्यांसमोर चौथं पान उभं राहिलं. माझ्या जेवणाच्या टेबलावरून उचलून नेलेल्या मॉक्सनच्या सुरुवातीला, मधोमध, 'मार्जरीस'. शेवटी गोडाचं ट्रायफल आलं, पण मला चमचा उचलवला नाही.

परत येताना गाडीत मी लायनेलला सांगितलं.

"घेऊच शकत नाही," तो म्हणाला. "ती माझी आहे. पत्रकात छापून आलंय."

"ते पत्रक छापणारा माणूस वारला, लायनेल."

"म्हणून काय झालं? सिरिलला डिपरची शेपटी कुठली नि नाक कुठलं हे तरी कळतं का?"

"त्याला पुस्तक संपवायचं कळतं. अकरा नंबरपुढे तो काय लिहील, सांगू? 'अंत अज्ञात' लिहील आणि चहा प्यायला जाईल."

लायनेलनं गाडी कडेला घेतली. त्याची मान कॉलरपासून कानापर्यंत लाल झाली होती. तो सिरिलबद्दल जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, पण ऐकायला मला फार गोड वाटलं. सिरिलच्या दुसऱ्या पुस्तकात कुठल्या पानावर कुठल्या विमानाला चुकीची चाकं लावली आहेत हे त्याला तोंडपाठ होतं. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विचारा, बावचळेल. तो जळत होता, मीही जळत होते. दोघं एकाच कारणानं, एकाच गाडीत. इतक्या जवळ आम्ही बऱ्याच वर्षांत आलो नव्हतो.

पण लायनेलच्या जळण्यावर विसंबून राहण्याइतकी मी भोळी नाही. चार दिवसांनी मी स्वतः मार्जरीकडे गेले. तिच्या दारात उभं राहणं मला जड गेलं, सांगून ठेवते. ती हिरव्या टोमॅटोंची चटणी घोटत होती. घरभर व्हिनेगरचा वास होता. सिरिल नेहमीसारखा मागच्या शेडमध्ये.

"मार्जरी, मॉक्सन घेऊ नका," मी कोटही न काढता म्हटलं. "नाताळपर्यंत लायनेल देईल. सिरिलला सांग."

"अगं, बस तरी."

"तुझी तीन आहेत. तीन! मला एक तर मिळू दे."

ती घोटायची थांबली. "माझी तीन काय?"

"पानं. तुझ्या नावाची."

आधी तिला कळेना. मग कळलं, आणि ती हसायला लागली. खळीबिळी न पडणारं, निराळंच हसू. तिनं गॅस बारीक केला.

"एडना, तुला वाटतं ते सिरिलनं छापलं?"

"मग कोणी?"

"अगं, फ्रॅम्प्टनसाहेबांचा फोन आला. पुस्तक कोणाला अर्पण करायचं, विचारत होते. मी दारातनं सिरिलला हाक मारली. तो शेडमधून ओरडला, 'सांग काहीतरी!' मग मी माझं नाव सांगितलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी हाकसुद्धा मारली नाही." तिनं चमच्याला लागलेली चटणी बोटानं निपटली. "त्यानं ते पान पाहिलंय की नाही, देव जाणे. ही माणसं पुस्तक मागून उघडतात."

इतकी वर्षं मी कशावर जळत होते?

"मॉक्सनचं मी बघते," मार्जरी म्हणाली. "पण एक सांगते, ऐक. फोन आला की तूच उचल. आणि सरळ तुझं नाव सांग. हे असंच मिळतं."

मी हो म्हटलं, पण फाटकाबाहेर पडता पडता ठरवून टाकलं, की अजिबात नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मार्जरीच्या वरचढ व्हायची संधी मला दिसत होती. तिनं आपलं नाव आपणच सांगितलं होतं. माझं माझा नवरा सांगेल. मला तिच्यासारखं पान नको होतं, खरं पान हवं होतं.

लायनेल कामाला लागला. तो लिहायचा, मी टाइप करायचे. थंडी सुरू झाली, हीटर जेवणघरात आणला. ओव्हनमध्ये ठेवलेला खिमा-बटाट्याचा 'कॉटेज पाय' जळला तरी दोघांनाही पत्ता लागला नाही. अकरा नंबर आला तेव्हा तो तीन दिवस पुढे सरकेना. शेवटी त्यानं त्या बयेबद्दल ठाऊक असलेलं सगळं लिहून काढलं. डॉक्टर, जमीनदार, बोटीचं नाव, धक्क्यावरचा फोटो, चिलीहून आलेल्या एकूणएक पत्रांचं सार. इतर विमानांना एकेक ओळ, हिला चार कागद. फ्रॅम्प्टनसाहेबांनी ते कापून दोन ओळींवर आणलं. जागा नाही म्हणाले. दोन ओळी आणि पुढे 'अंत अज्ञात'. त्या दिवशी लायनेल जेवला नाही. मी त्याची समजूत घातली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हो, मीच फिरवला.

एप्रिलमध्ये फोन आला. मी सिंकपाशी बटाटे सोलत होते. फोन आमच्या बोळकंडीत आहे, माझ्यापासून चार पावलांवर. मार्जरीचं बोलणं मला आठवलं. मी हात पुसले. मग ते पुन्हा ओले केले आणि ओरडले, "लायनेल! फोन!"

तो आला. मी नळ बंद केला.

"पार्जिटर बोलतोय... हो, फ्रॅम्प्टनसाहेब... चित्रं ठीक आहेत, फक्त ते इंजिनाचं उलटं छापू नका... अर्पण?... कोणाला म्हणजे?"

मी सुरी खाली ठेवली.

"त्याला अख्खं पान जातं?" लायनेल विचारत होता. "अख्खं? एका नावाला?... आणि समजा अर्पण नसलंच, तर ते पान उरतं ना?... मग ते मला मागे द्या की, परिशिष्टात. तुम्ही अकरा नंबरचं सगळं कापलंत ना, ते बसेल तिथे. फोटोसकट बसेल... नाही नाही, अर्पण वगैरे काही नको. तिला पान मिळालं की झालं... वा! फार उपकार झाले तुमचे."

तिला पान मिळालं. लायनेल उड्या मारत स्वयंपाकघरात आला. त्याचं वय उड्या मारायचं नाही.

"एडना! पान मिळालं!"

"ऐकलं मी."

"एका पानावर नुसतं कोणाचं तरी नाव छापतात म्हणे. कागदाची काय ही नासाडी!"

"माझं छापलं असतंस तर नासाडी झाली असती?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. सोंग करत असता तर बरं झालं असतं, मला बटाटा तरी फेकून मारता आला असता.

"तुझं? पण तू आहेस ना पुस्तकात. आभारात. 'टंकलेखनासाठी माझ्या पत्नीचे.'"

"कोणाच्या खाली?"

"क्रॉयडनचे ते गृहस्थ नाहीत का, शेपटीचा फोटो दिला त्यांनी..."

"त्यांचं नाव घातलंयस?"

"म्हणजे काय! आद्याक्षरांसकट."

"आणि माझं?"

"पत्नी म्हटलं की तूच ना. दुसरी आहे कोण?"

"आहे की," मी म्हटलं. "चिलीत."

तो खुर्चीवर बसला. मग फार मायेनं म्हणाला, "पुढच्या पुस्तकात तुझंच, एडना. शपथ."

पुढच्या पुस्तकात! मी बटाटे इतके शिजवले की त्यांची पेज झाली, आणि तीच त्याला वाढली. मीठ न घालता. त्यानं खाल्ली, छान झालीय म्हणाला.

जूनमध्ये पुस्तक आलं. चर्चच्या सभागृहात चहा ठेवला होता, काकडीची सँडविचेस, लिंबाचा केक. या वेळी वरच्या टेबलावर आम्ही होतो. लोक येत होते, लायनेलचा हात हातात घेऊन दाबत होते, पुस्तक मागून उघडून परिशिष्टावर बोट फिरवत होते. सिरिलसुद्धा आला, पुस्तक हातात धरून वजन केल्यासारखं करून म्हणाला, "जाड झालंय." त्याचा चेहरा व्हिनेगर प्यायल्यासारखा होता. लायनेलनं तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

मार्जरी मात्र माझ्यापाशी आली. ती पुस्तकं पुढून उघडते. कव्हर, नाव, अनुक्रमणिका. पुन्हा मागे आली. अंगठ्यानं पान घासून पाहिलं.

"अगं, पान चिकटलंय वाटतं."

"चिकटलं नाही. नाहीच आहे ते."

तिनं मान वर केली. मला वाटलं, आता खळी पडणार. पण तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत कीव होती.

"फोन तू नाही उचललास ना," ती हळूच म्हणाली. "सांगितलं होतं गं तुला."

मार्जरीचा तोरा मी आयुष्यभर सोसलाय. तिची कीव मला एक क्षणही सोसवली नाही.

"लायनेलनं उचलला," मी म्हटलं. "आणि फोनवर हात ठेवून मला हाक मारली. 'एडना, पुस्तक कोणाला अर्पण करायचं विचारतायत. तुझंच नाव घालतो हं.' मी म्हटलं, राहू दे रे. आपल्याला ठाऊक आहे ना, मग जगाला कशाला दाखवायचं? तो ऐकेचना. दोनदा विचारलं त्यानं. मीच नको म्हटलं."

मार्जरीचा हात माझ्या दंडावरून निघाला.

"त्यानं विचारलं?"

"हो."

"आपणहून?"

"फोनवर हात ठेवून."

तिनं पुस्तक मिटलं. चष्मा काढला, टेबलावरच्या रुमालानं पुसला, पुन्हा घातला. मग वळून सिरिलच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. सिरिल दुसऱ्या कोणाशी चाकांबद्दल बोलत होता. तिच्या बशीतला केक तसाच राहिला.

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मी स्वतःला चहा ओतून घेतला, दोन चमचे साखर घातली आणि लायनेलकडे पाहिलं. तो कोणा तरुणाला ते अकरा नंबरचं पान उघडून दाखवत होता, अगदी हळू आवाजात, धक्क्यावरच्या त्या फोटोवर बोट न टेकवता.

आणि तिथे उभ्या उभ्या मला त्या बाईचा हेवा वाटला, जिच्या नवऱ्यानं फोनवर हात ठेवून तिला हाक मारली होती. मार्जरीचा इतका कधीच वाटला नव्हता.